स्टोअर रूम की लॉफ्ट? आधी कोठी आणि अडगळ वेगळी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ गावात दोन गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर तळमजल्याला साधारण हजार चौरस फुटांचं दोन बेडरूमचं घर, पाच-सहा वर्षांनी वर मजला चढवायचा विचार. घरात सहा माणसं : तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-वडील. घरची थोडी शेती आहे. काँट्रॅक्टर म्हणतो, स्टोअर रूम म्हणजे जागा वाया, त्यापेक्षा सगळ्या खोल्यांना लॉफ्ट टाकू आणि हॉल मोठा करू. वहिनी म्हणतात, स्टोअर रूम हवीच. दोघांपैकी बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली २६ वर्षं सातारा-सांगली भागात छोटी घरं आखतो आणि बांधून घेतो. माझ्या मते वहिनींचं बरोबर आहे. पण काँट्रॅक्टरच्या बोलण्यातही तथ्य आहे, कारण ते दोघं दोन वेगळ्या खोल्यांबद्दल बोलतायत.

आपल्या जुन्या घरांत दोन शब्द होते : कोठीची खोली आणि अडगळीची खोली. कोठीत वर्षाचं धान्य, डाळी, गूळ, चिंच, लोणच्याच्या बरण्या, मसाला. त्या खोलीत घरातली बाई दिवसातून चार वेळा जायची. अडगळीत मोडकी खुर्ची, जुना पाळणा, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं सगळं. तिथं कोणी फिरकायचं नाही. नकाशावर आपण दोन्हींचं मिळून ‘स्टोअर’ केलं आणि घोळ झाला. काँट्रॅक्टरच्या डोळ्यांसमोर अडगळ आहे, म्हणून त्याला ती जागा वाया वाटते. वहिनींच्या डोळ्यांसमोर कोठी आहे. कोठी नसलेल्या घरात धान्याची पोती बेडरूममध्ये पलंगाच्या पायथ्याशी येतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

यात आणखी तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे ठेवणीतल्या वस्तू. गौरीचे मुखवटे, ठेवणीतल्या पैठण्या, पाहुण्यांच्या गाद्या, लग्नातली मोठी पातेली, घराची कागदपत्रं. या वस्तू वर्षातून एकदा-दोनदा लागतात, पण जिवाभावाच्या असतात. त्यांना कोठीत जागा नसते आणि अडगळीत टाकवत नाहीत. नवीन घरात सगळ्यात जास्त फरफट यांचीच होते.

तेव्हा ‘स्टोअर की लॉफ्ट’ हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. या तीन प्रकारांचं तुमच्या घरात नेमकं किती सामान आहे, ते कुठं लागतं आणि ते कोण उचलणार, हे आधी ठरवा. त्याचं उत्तर आलं की भिंती कुठं घ्यायच्या ते आपोआप दिसतं.

एक अनुभव सांगतो, त्यानंतर माझी घरं आखायची पद्धतच बदलली. पाटण तालुक्यात मी बांधलेल्या एका घरात बारा-तेरा वर्षांनी गच्चीची गळती बघायला गेलो होतो. गौरी-गणपतीचे दिवस तोंडावर आले होते. घरातल्या काकू म्हणाल्या, “आलाच आहात तर गौरीची पेटी तेवढी काढून द्या. दरवर्षी शेजारच्या पोराला हाक मारावी लागते.” मी शिडी लावून वर चढलो. लॉफ्ट सव्वासात फुटांवर, समोर मीच सांगितलेली झडप. वरच्या स्लॅबचा बीम खाली उतरलेला, त्यामुळे झडपेची मोकळी उंची जेमतेम १५ इंच. पेटी सरळ निघेना, तिरकी करावी लागली. आत मुखवटे जुन्या धोतरात गुंडाळलेले होते, ते एकमेकांवर आपटल्याचा आवाज झाला. खाली काकू दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. त्यांची उंची पाच फूटसुद्धा नाही. पेटी खाली आली तशी त्यांनी आधी मुखवटे सोडवून पाहिले, नाकाला टवका गेलाय का म्हणून पदरानं पुसून पाहिले. टवका गेला नव्हता. पण त्या घरात मी १४० चौरस फूट लॉफ्ट दिला होता आणि घरच्या गौरीला हाताशी जागा नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं.

चूक लॉफ्टची नव्हती. कुणाला काय उचलावं लागणार, हे मी विचारलंच नव्हतं.

आता तुमच्या घराकडे येतो. एक वही घ्या, आणि सध्या राहता त्या घरातल्या सामानाची यादी करा. खोलीनुसार करू नका, वापरानुसार करा. रोज लागणारं, आठवड्या-पंधरवड्यानं लागणारं, वर्षातून एकदा लागणारं आणि गेल्या तीन वर्षांत हातच न लागलेलं. प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा : अंदाजे वजन आणि ती कोण काढतं. ही यादी वहिनी आणि आई यांच्याशिवाय करू नका. पुरुषमाणसं यादी करतात तेव्हा त्यात सोऱ्या, पुरणयंत्र, पापडाचं लाटणं-पोळपाट, वाळवणाचं प्लॅस्टिक, सुपं, चाळण्या यांतलं काही नसतं, आणि नंतर हे सगळं ओट्याखाली कोंबलं जातं.

धान्याचा हिशोब तर आकड्यात करा. सहा माणसांच्या, पाहुणे-रावळे असलेल्या घरात गहू तीन क्विंटल, शाळू दोन आणि तांदूळ दोन क्विंटल सहज भरतो. एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. म्हणजे सात क्विंटलला नऊशे लिटरच्या वर, घनफुटांत बत्तीसच्या आसपास. ही झाली फक्त धान्याची नेमकी जागा, पत्र्याच्या कोठ्यांमधली सांद आणि झाकण उघडायची जागा वेगळी. आणि वजन ७०० किलो. तीन इंची लॉफ्टवर हे कुणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. धान्य जमिनीवरच राहणार. म्हणून ज्या घरात वर्षाची बेगमी होते, त्या घरात कोठीची खोली ही चैन नाही. तुम्ही पुण्यात फ्लॅट घेत असता आणि महिन्याला दहा किलो आटा आणत असता, तर मी काँट्रॅक्टरची बाजू घेतली असती.

खोली किती मोठी? आतून ५ × ६ फूट पुरते. एका बाजूला दीड फूट खोल फळ्या, समोरच्या बाजूला एक फुटाच्या, मध्ये उरतो अडीच फूट. तेवढ्यात माणूस वाकून कोठीतून धान्य काढू शकतो. तीस चौरस फूट म्हणजे तुमच्या घराच्या तीन टक्के. हॉल तेवढ्यानं लहान झाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

फळ्यांना कडप्पाच वापरा. वाळवी लागत नाही, पुसता येतो, तेलाचा डबा सांडला तरी चालतो. तीन फुटांपेक्षा लांब अंतर आधाराशिवाय सोडू नका. दीड फुटी फळ्यांच्या बाजूला खालची पहिली फळी साडेतीन-चार फुटांवर घ्या, खाली कोठ्या आणि पिंपं बसतील. पण तो आकडा माझा न धरता तुमची कोठी मोजून ठरवा, आणि झाकण उघडायला वर फूटभर सोडा. समोरच्या फूटभर फळ्या डब्यांसाठी, एकामागे एक न लावता एकाच ओळीत. खोल फळीवर मागचा डबा विसरला जातो आणि दिवाळीत त्यातल्या डाळीला पोरकिडे लागलेले सापडतात. पहिली-दुसरी फळी १५-१६ इंच अंतरावर, वरच्या १२ इंचांवर. सर्वांत वरच्या फळीवर फक्त हलकं.

दाराबद्दल एक गोष्ट नीट वाचा. स्टोअरला काँट्रॅक्टर सव्वादोन फुटांची चौकट बसवतो, ‘छोटीच खोली आहे’ म्हणून. चौकटीची दोन्ही बाजूंची लाकडं वजा केली की मोकळे २२ इंच उरतात. तीन क्विंटलची पत्र्याची कोठी २५-२६ इंच व्यासाची असते. एका घरात वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी कोठी दारात अडली, शेवटी ती कायमची जिन्याखाली राहिली. मोकळं माप ३० इंच मिळेल अशी चौकट घ्या आणि दार बाहेर उघडणारं ठेवा, आत उघडलं तर अर्धी खोली दारच खातं.

कोठी कुठल्या बाजूला? स्वयंपाकघराला लागून, एवढं तर नक्की. त्यातही उत्तरेची भिंत वर्षातला बराच काळ सावलीत असते, तिथं धान्य थंड राहतं. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि पावसाचा माराही तीच खाते. वास्तुशास्त्रवाले धान्याला वायव्य सांगतात. घरच्यांची श्रद्धा असेल तर वायव्य जरूर करा, फक्त त्या कोपऱ्यात फळ्या आणि कोठ्या उत्तरेच्या भिंतीला लावा, पश्चिमेच्या भिंतीपासून चार बोटं लांब. न्हाणीघराची किंवा संडासाची भिंत कोठीला सामाईक नको. छोटी खिडकी ठेवा, तिला बारीक जाळी, दाराच्या खाली उंदीर शिरणार नाही इतकीच फट. आत एक दिवा. हा दिवा हमखास राहून जातो, आणि मग आयुष्यभर मोबाइलच्या उजेडात धान्य काढलं जातं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. शेतीची औषधं, फवारणीचा पंप, तणनाशकाच्या बाटल्या कोठीत ठेवायच्या नाहीत. ‘वरच्या फळीवर एका कोपऱ्यात’ सुद्धा नाही. वर मजला चढवायचाय म्हणजे जिना बाहेरून असेल. त्याच्या खाली कुलपाचं, हवेशीर कपाट करा. खोरं, फावडं, पाइप, रंगाचे डबे, उरलेल्या टाइल्स तिकडे. फवारणीची औषधं त्यातही वेगळ्या कुलपात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. जिन्याखालची सगळी जागा वापरता येते असं नकाशात दिसतं, पण तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या भागात माणूस शिरत नाही, तिथं आडवं सारता येईल असंच ठेवा. आणि टाइल्सची एक-दोन खोकी त्याच लॉटची जपून ठेवाच, पुढे एखादी फुटली तर तोच रंग पुन्हा मिळत नाही.

आता लॉफ्ट. मी लॉफ्टच्या विरोधात नाही. बांधकामाच्या वेळी लिंटेलबरोबर, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या काँक्रीटच्या पट्ट्याबरोबर, टाकलेला आरसीसी लॉफ्ट नंतरच्या कुठल्याही कपाटापेक्षा स्वस्त पडतो. पण ‘सगळ्या खोल्यांना’ हे मान्य नाही. लॉफ्ट खोलीची हवा कोंडतो, छताजवळची गरम हवा बाहेर जायला वाट ठेवत नाही, आणि खालच्या माणसाला डोक्यावर ओझं असल्यासारखं वाटतं. विशेषतः आई-वडिलांच्या खोलीत पलंगाच्या वर लॉफ्ट नको. तुमच्या घरात दोन पुरेत : एक स्वयंपाकघरात ओट्याच्या समोरच्या भिंतीला, एक मुलांच्या खोलीत दाराच्या बाजूला. लॉफ्ट दोन फूट खोल, त्यापेक्षा जास्त नको, मागचं हाताला येत नाही.

लॉफ्ट ठरवण्याआधी इंजिनिअरला एवढंच विचारा : ‘या भिंतीवर बीम किती खाली येतोय?’ दहा फुटांचं छत, सात फुटांवर लिंटेल, वर तीन इंच लॉफ्टचा स्लॅब. कागदावर पावणेतीन फूट मोकळे दिसतात. पण त्याच भिंतीवर फूट-सव्वाफूट बीम उतरला की उरतो दीड फूट, आणि झडपांची चौकट बसवली की १५ इंच. पाटणच्या घरात नेमकं हेच झालं होतं. बीमची बाजू सोडून दुसऱ्या भिंतीला लॉफ्ट घेणं आत्ता पेन्सिलीचं काम आहे.

बाथरूमचं छत साडेसात फुटांवर घेऊन त्याच्या वरची जागा पॅसेजमधून वापरायची, ही युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. चांगली आहे. सात बाय चारच्या बाथरूमवर साठेक घनफूट जागा मिळते. फक्त झडप लांब बाजूला हवी. चार फुटांच्या तोंडातून सात फूट आत जायचं म्हणजे रांगत जावं लागतं. पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. वरच्या मजल्याची बाथरूम याच्यावरच येणार, तिचा संकन स्लॅब (पाइप बसवायला मुद्दाम खाली घेतलेला) फूटभर खाली उतरणार, आणि कधीतरी तिथून पाणी झिरपणार. म्हणून ही जागा करा, पण तिथं गाद्या, कपडे, पुस्तकं ठेवू नका. प्लॅस्टिकच्या वस्तू, स्टीलची मोठी पातेली, कूलर, आकाशकंदिलाचा सांगाडा, एवढंच.

ठेवणीतल्या वस्तूंसाठी मात्र मला खाली, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत जागा हवी असते. हजार चौरस फुटांत ती कुठून काढायची? दोन जागा आहेत, आणि दोन्हीसाठी भिंती उभ्या राहायच्या आत निर्णय हवा.

पहिली जागा दारामागची. आपल्याकडे दार कोपऱ्यापासून चार-सहा इंचांवर बसवायची सवय आहे. तेच दार कोपऱ्यापासून सव्वादोन फूट सरकवलं, तर दारामागे भिंतभर दोन फूट खोलीचं कपाट बसतं. एक रुपयाचा जास्त खर्च नाही. प्रत्येक बेडरूमचं दार नकाशावर सरकवून बघा. पलंग आणि खिडकी यांचं गणित जुळत असेल तिथं कराच.

दुसरी जागा दोन बेडरूमच्या मधली भिंत. ती सरळ न घेता मध्यावर एकदा वळवायची. दहा फुटांच्या भिंतीत पाच फूट खोबण या खोलीकडे, पाच फूट त्या खोलीकडे, दोन्ही दोन-दोन फूट खोल. प्रत्येक खोलीला पाच फुटांचं कपाट भिंतीच्या रेषेत मिळतं, बाहेर आलेला कोपरा नाही. भिंत अशी वळणार असेल तर तिच्याखाली प्लिंथ बीम (जोत्याचा बीम) कुठून जाईल ते डिझायनरला आधीच सांगा, पाया झाल्यावर नको.

या कपाटांत खालचा एक कप्पा मुद्दाम गौरीच्या पेटीच्या मापाचा ठेवा. वहिनींना वाकून, दोन्ही हातांनी, कुणाला हाक न मारता ती पेटी ओढून घेता आली पाहिजे.

लोखंडी कपाट आहे का घरात? बहुतेक असेलच. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, दीड ते पावणेदोन फूट खोल. ते टाकून देणार नसाल तर नकाशात आत्ताच त्याची चौकोनी खूण करा, भोवती दोन-दोन इंच सोडा. नवीन फर्निचर झाल्यावर आईंचं कपाट कुठं ठेवायचं, यावरून घराघरांत मनं दुखावलेली मी पाहिलीत. त्या कपाटात त्यांचं माहेर असतं. ते त्यांच्या खोलीत, त्यांच्या नजरेसमोर राहू द्या.

आई-वडिलांच्या कपाटाची मापंही वेगळी ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला जमिनीलगतचा ड्रॉवर म्हणजे शिक्षा, आणि साडेपाच फुटांच्या वरची फळी असून नसल्यासारखी. रोजचे कपडे, औषधं, चष्मा, पोथी हे सगळं अडीच ते पाच फुटांच्या पट्ट्यात बसवा. बाकी कपाटांत हँगरला २२ इंच आतली खोली लागते, म्हणून बाहेरून २४. सरकती दारं हवी असतील तर २६-२७. प्लायवूड ८ × ४ फुटांच्या शीटमध्ये येतं, ते डोक्यात ठेवून मापं घेतली की तुकडे कमी वाया जातात. ओट्याखाली पाण्याशी संबंध येतो तिथं आयएस ७१० चं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय मागा, कोरड्या खोलीतल्या कपाटांना त्याची गरज नाही. सुतार सगळीकडे एकच लावायला सांगेल, तुम्ही पैसे ओलाव्याच्या जागी खर्च करा.

गाद्यांसाठी बॉक्स पलंग हा सोपा उपाय आहे. सहा बाय पाचच्या पलंगात तीसेक घनफूट जागा मिळते. पण एकाच पलंगाला करा, मुलांच्या किंवा तुमच्या. आई-वडिलांच्या पलंगाखाली झाडू फिरायला मोकळी जागा बरी.

स्वयंपाकघराबद्दल इथं पूर्ण लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. तीनच गोष्टी सांगतो. ओट्याची उंची ३२-३४ इंच सरसकट न घेता वहिनींच्या कोपरापासून चार इंच खाली मोजा. ट्रॉल्यांच्या खाली चार इंचांचा दगडी पायथा ठेवा, म्हणजे फरशी धुताना पाणी आत जाणार नाही. आणि सिलिंडर बंद कपाटात नको. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, त्यातला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. त्याच्या जागेला जमिनीलगत बाहेरची हवा हवी. शक्य असेल तर तो भिंतीबाहेर ठेवून आत तांब्याची नळी घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हाच नियम : मोकळी हवा हवी आणि पाणी घालायला वर हात पोचला पाहिजे, कोठीत ती नको.

दारातला पसाराही मोजा. सहा माणसांचे प्रत्येकी तीन जोड म्हणजे चपला-बुटांचे अठरा जोड. हळदीकुंकवाला तीस बायका आल्या तर ते वेगळंच. पोर्चमध्ये बसायचा कट्टा आणि त्याखाली उघडे कप्पे करा. रेनकोट-छत्र्यांना खुंट्या बाहेरच, खाली पाणी निथळून जाईल असा उतार.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण माझं उत्तर सगळ्यांना लागू नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माणमधल्या दहिवडीत घर असतं तर मी बाहेरच्या विटांच्या भिंतीतच फडताळं काढा म्हटलं असतं, जुन्या वाड्यांसारखी. वाड्यांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असायच्या, म्हणून त्यांत फडताळं, कोनाडे, देवळ्या सामावायच्या. नऊ इंची भिंतीत कोनाडा घेतला की मागे उरते साडेचार इंच वीट. कोरड्या मुलखात ती चालते, कोयनेच्या बाजूला ती पहिल्या पावसात ओल देते. तुमचं गाव कराडच्या कुठल्या अंगाला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाटणकडे असेल तर पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला एकही कपाट टेकवू नका. भिंती ब्लॉकच्या असतील तर चार इंची ब्लॉकमध्ये कोनाडा निघत नाही, आणि जड कपाट टांगायचं असेल तर त्या जागी आधीच विटांचा किंवा काँक्रीटचा पट्टा घ्यावा लागतो.

नवीन घराला पहिला पावसाळा जाऊ द्या, ही सूचना कुणालाच आवडत नाही. ताज्या प्लास्टरमध्ये महिनोन्महिने पाणी असतं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आणि मेमध्ये भिंतीला घट्ट चिकटवलेली प्लायची कपाटं, मग ऑगस्टमध्ये मागच्या फळीला पांढरी बुरशी. कोठीच्या फळ्या, ओटा आणि एक-दोन गरजेची कपाटं करून राहायला जा. बाकीचं लाकूडकाम दसऱ्यानंतर. चार महिने राहून झाल्यावर कुठं काय हवं हे तुम्हालाच जास्त कळेल, आणि निम्मी कपाटं नकोशी वाटतील.

कामाच्या ओघात काय कधी ठरायला हवं, तेवढं लक्षात ठेवा. जोत्याच्या वेळी वाळवीची प्रक्रिया आणि वळलेल्या भिंतीचा पाया. विटकामाआधी दारांची सरकवासरकव आणि कोठीची चौकट. लिंटेलला लॉफ्ट. वायरिंगच्या वेळी कोठीत, जिन्याखाली आणि मोठ्या कपाटांजवळ दिवे, शिवाय मिक्सर जिथं कायम राहणार तिथंच प्लग. कडप्प्याच्या फळ्यांच्या खाचा प्लास्टरच्या आत. नंतर ग्राइंडरनं भिंत कापली की चार इंची भिंत हादरते. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, पुढे खिळा मारताना पाइप आणि वायर कुठं आहे ते शोधावं लागणार नाही. आणि लॉफ्ट-कोठी जे काही करणार ते मंजुरीच्या नकाशात दाखवा. माळ्याची उंची, भिंतीबाहेर काढलेली कपाटं यांना नियमावलीत मर्यादा आहेत, त्या तुमच्या आर्किटेक्टला माहीत असतात.

यादीतला चौथा गट राहिला, तीन वर्षांत हात न लागलेल्या सामानाचा. त्याला नवीन घरात जागा आखू नका. आईंच्या मनाविरुद्ध काही टाकूही नका. त्यांच्या शेजारी बसून एकेक वस्तू काढा, त्या सांगतील ते ऐका. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, आजोबांची पेटी यांतलं काहीतरी त्या ठेवा म्हणतील. ते दर्शनी ठेवा, हॉलमध्ये किंवा पडवीत, अडगळीत नको. बाकीचं त्या स्वतःच देऊन टाकायला सांगतील, माझा अनुभव तरी असाच आहे.

काँट्रॅक्टरला लगेच नाही म्हणू नका. त्याला सांगा, लॉफ्ट दोनच हवेत, त्यातून वाचलेले पैसे कोठीच्या कडप्प्याला आणि रुंद चौकटीला लाव. तो ऐकेल.

जमलं तर नकाशाचा फोटो टाका, उत्तर दिशा दाखवून. सोबत तीन मापं हवीत : तुमच्या सगळ्यात मोठ्या कोठीचा व्यास आणि उंची, आईंच्या कपाटाची लांबी-रुंदी-खोली, आणि वहिनी सरळ उभ्या राहून हात वर करतात तेव्हा जमिनीपासून बोटांपर्यंतचं अंतर. त्यावरून फळ्यांची नेमकी मापं काढून देतो.